तळाला लागल्याची खूण

धरणातून पाणी सोडणं थांबलं की काही दिवसांत मुळा निवळते. पावसाळाभर अंगावर येणारं गढूळ पाणी हळूहळू शांत होतं, काठचे दगड एकेक करून वर येतात, आणि उथळ जागी दुपारच्या उन्हात चक्क तळ दिसायला लागतो. पौडच्या अलीकडे नदीला एक वळण आहे. तिथे मी बरीच वर्षं गळ टाकून बसत आलो आहे. यंदाही परवा जाऊन आलो. पलीकडच्या खाचरांत भात पिवळा पडायला लागला होता, वाळत्या गवताचा वास सुटला होता, आणि एक खंड्या माझ्याहून जास्त मन लावून पाण्याकडे बघत होता. सगळं जागच्या जागी होतं. परत येताना मला काही वर्षांपूर्वीचा एक ऑक्टोबर आठवत राहिला.

ऋतूबद्दल लिहायचं तर त्याला काहीतरी वास असावा लागतो. माझ्या त्या ऋतूला नव्हता. हेच पाणी, हाच भात, असंच ऊन तेव्हाही असणार. पण ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. काचेपलीकडून बघितल्यासारखं, असं लोक म्हणतात. काच तरी हाताला गार लागते. मला तीही लागली नसती.

आतड्याचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, मग केमो. शेवटची सलाइन संपली तेव्हा गणपती जवळ आले होते आणि ढोलपथकांचा सराव ऐन रंगात होता. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "छान आहे सगळं." मी म्हणालो, "बरं." बाहेर आल्यावर वैजयंतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. मी तेव्हा खिशात पार्किंगची पावती शोधत होतो. पावती खिशातच होती, पण ती बोटांना सापडत नव्हती.

औषधानं नसांना मार बसतो, हे आधी सांगितलेलं होतं. सुरुवातीला मुंग्या येत, मग मुंग्याही गेल्या. दहाही बोटांची टोकं कुणीतरी दुसऱ्याची आणून बसवली आहेत असं वाटे. पायांचंही तेच. एकदा सदाशिव पेठेतल्या घरून नारायण पेठेतल्या दुकानाकडे निघालो, तर चौकातला चहावाला म्हणाला, "काका, नवीन फॅशन का?" खाली पाहिलं तर एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठे गळून पडली, कळलंच नव्हतं. परत जाऊन शोधावी असंही वाटलं नाही. एकाच चपलेनिशी जाऊन दुकान उघडलं.

दुकान कागदाचं. लग्नपत्रिकांचे कागद, पाकिटं, पुठ्ठे. आयुष्यभर मी कागद चिमटीत धरून सांगत आलो की हा किती जाडीचा, ओल धरलेला आहे का, शाई पिईल की नाही. छापखानेवाले कधीकधी मजा म्हणून डोळे मिटायला लावत. आता दोन कागद चिमटीत धरले तरी एकच वाटे. संवेदना परत येईल का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "कदाचित येईल. कदाचित थोडी येईल. कदाचित वेळ लागेल." पत्रिका जुळवणारे गुरुजीसुद्धा एका दमात इतके कदाचित म्हणत नाहीत.

आमच्या शेजारच्या गाळ्यात झेरॉक्सचं दुकान आहे. त्या मालकाला माझा गाळा पूर्वीपासून हवा होता. आजारपणात तो विचारपूस करायला यायचा आणि बोलता बोलता नजरेनं भिंतींची मापं घ्यायचा. मी कधी हो म्हटलं नव्हतं. त्या ऑक्टोबरात पहिल्यांदा म्हणालो, "बघू." त्याचा चेहरा उजळला. मला त्याचंही काही वाटलं नाही.

वैजयंती दहावीच्या मुलांना संस्कृत शिकवते. तिची जीभ आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. मी मासे धरतो पण खात नाही, यावर लग्न झाल्या झाल्या तिनं विचारलं होतं, "मग धरता कशाला? ख्यालीखुशाली विचारायला?" एकदा मी कणकेत हिंग आणि ओवा घालून माशांसाठी गोळे मळत होतो, तर म्हणाली, "माझ्या माहेरच्यांना इतक्या प्रेमानं कधी वाढलं नाहीत." आमचं रोज कशावरून तरी वाजायचं. गीझर चालू राहिला म्हणून वाजायचं, मी एक शब्द चुकीचा उच्चारला म्हणून वाजायचं, आणि काहीच निघालं नाही तर मागच्या वर्षीचं उकरून वाजायचं.

आजार कळला आणि हे सगळं थांबलं. ती माझ्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि म्हणायची, "सावकाश हं." आमटीची वाटी हातातून सुटली तर म्हणायची, "राहू दे, काही नाही झालं." इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्या तोंडून 'राहू दे' ऐकलं नव्हतं. आवाज असा मऊ लावायची, जसा लोक दवाखान्यात खाटेशेजारी लावतात. हा मऊपणा मला आतून कुठेतरी भीतिदायक वाटायला हवा होता. मला एवढंच कळत होतं की तिनं मला मनातून जपून एका बाजूला ठेवून दिलं आहे. जे जपून ठेवतो ते वापरात नसतं. पण तक्रार करायला आधी काही वाटावं लागतं.

अशात एका सकाळी इक्बालभाई आला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला, माझा गळ टाकण्यातला जुना जोडीदार. त्याचं घराणं पुण्यात इतकं जुनं की पेठांबद्दल त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी धरलेला मासा त्याच्या घरी शिजायचा, हा आमचा शिरस्ता.

"मिलिंदराव, पाणी निवळलं," तो दारातूनच म्हणाला. "उठा."

"मला गळ बांधता येत नाही आता," मी म्हणालो. "गोळा फेकताही येत नाही. हातातून कधी सुटला तेच कळत नाही."

"गळ मी बांधतो. गोळ्याचं काय ते बघू."

गोळ्याचं थोडं सांगायला हवं. रोहू, कटला हे तळाशी चरणारे नसले तरी चारा खाली पडला की उतरून येतात, असा आमचा अनुभव. म्हणून गळ टाकायच्या आधी जागा लावायची असते. शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं बेसन, कणीक यांचे गोळे एकाच ठिकाणी रोज टाकत राहायचं, म्हणजे मासा त्या जागेला सरावतो. एकानं लावलेल्या जागेवर दुसऱ्यानं बसायचं नाही, हा काठावरचा अलिखित नियम. पण वाहत्या पाण्यात गोळा नेमका कुठे पडेल याचा भरवसा नसतो. अर्धा प्रवाह नेतो, अर्धा वरच्या वर चिलापी मासे फस्त करतात. चिलापी म्हणजे लग्नात आहेर न आणता पहिल्या पंगतीला बसणारी माणसं.

यावर उपाय म्हणून एक वस्तू मिळते. तिला बेट ड्रॉपर म्हणतात. जाळीची छोटी टोपली, तिला झाकण, खाली शिशाचं वजन. आत चारा भरायचा, झाकण खिटीनं अडकवायचं आणि दोरीनं हळूहळू खाली सोडायचं. तळाला टेकलं की खिटी सरकते, झाकण उघडतं आणि चारा नेमका तिथेच सांडतो. इक्बालभाई त्याला सरळ डबा म्हणायचा. "माशांना डबा पोचवायचा," तो म्हणाला. "फेकायचं कामच नाही."

मग मी डबे बघत बसलो. हौस म्हणून नाही. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसे आणि बघायला काहीतरी लागे. परदेशी कंपन्यांचे निरनिराळे डबे फोनवर दिसत: गोल, चपटे, पुढून उघडणारे, खालून उघडणारे. एक मागवला. चित्रात तळहाताएवढा वाटला होता, आला तो काडेपेटीएवढा. तिकडे म्हणे त्यात अळ्या भरतात, त्यामुळे जाळीही बारीक. आमची पेंड त्यात चिकटून बसे. डबा खाली जाऊन उघडला तरी जेवण डब्यातच. दुसरा कॅम्पातल्या एका दुकानातून आणला. तो मोठा होता, पण स्प्रिंग इतकी ताठ की आपटल्याशिवाय उघडेना. पाण्याखाली आपटणार कोण?

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की डबा निवडताना तीन गोष्टी बघायच्या. वजन प्रवाहाला पुरून उरेल इतकं हवं. झाकण हलक्या टेकण्यानं उघडावं, पण मध्येच झटका बसला तर उघडू नये. आणि टोपली आतून गुळगुळीत हवी. हे तिन्ही एकाच डब्यात असलेलं मला कुठे सापडलं नाही.

चौथी गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नाही. डबा तळाला टेकतो तेव्हा दोरीतून बोटाला एक अगदी बारीक ठोका कळतो आणि लगेच दोरी हलकी होते. दोरी ढिली पडलेली डोळ्यांनाही दिसते, पण उशिरा, कारण वाहत्या पाण्यात दोरीला पोट येतं. खरी खूण बोटालाच. मी मनात ठरवून टाकलं होतं की हा ऋतू संपायच्या आत तो ठोका माझ्या बोटाला कळला, तर दुकान ठेवायचं. नाही कळला, तर झेरॉक्सवाल्याला गाळा देऊन टाकायचा आणि आपला कारभार संपला असं समजायचं. हे ठरवतानाही मला ना भीती वाटली ना वाईट. हिशोब सोपा होता एवढंच.

पहिल्याच खेपेला मी कॅम्पातला डबा घालवला. इक्बालभाईनं स्प्रिंग ढिली करून दिली होती. मी तर्जनीवरून दोरी सोडत गेलो, सोडत गेलो, आणि वाट बघत राहिलो. डबा कधीच तळाला पोचला होता. मला कळलं नाही म्हणून मी दोरी सोडतच होतो, आणि ती खाली दगडांत गुंतत गेली. ओढायला गेलो तर तटकन तुटली.

इक्बालभाई पाण्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"गेला," मी म्हणालो.

"गेला काय? अरे, शिवी तरी द्या एक! माझा सहा इंची मासा सुटला होता तेव्हा तुम्ही पलीकडच्या पुलापर्यंत ऐकू जाईल असे ओरडला होतात."

"गेला तर गेला."

मग त्यानं थर्मासमधला चहा ओतला आणि कप माझ्या हातात देण्याऐवजी शेजारी दगडावर ठेवला. गरम आहे हे मला कळणार नाही म्हणून. परत येताना चांदणी चौकाच्या गर्दीत तो एवढंच म्हणाला, "जड डबा करू. जड असला की कळेल."

जड डब्यासाठी मी बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत गेलो. एका दुकानात आत चौरस भोकांची जाळी टांगलेली दिसली.

"कशाला पाहिजे?" दुकानदारानं विचारलं.

"माशांना जेवण पोचवायला. नदीच्या तळाशी."

त्याची भुवईसुद्धा हलली नाही. "मग ही गंजेल. स्टीलची घ्या. बिजागरी लागेल?"

पुण्यात काहीही विचित्र सांगितलं तरी दुकानदार फक्त मापाची चौकशी करतो, हे या शहराचं मोठेपण आहे. एरवी मी ही गोष्ट घरी रंगवून सांगितली असती. त्या दिवशी पिशवी टेबलावर ठेवली आणि झोपलो.

टोपलीचं अडलं. आतून गुळगुळीत, खोल, स्टीलची टोपली काही मिळेना. शेवटी ती आमच्याच ओट्यावर सापडली, वैजयंतीची चहाची मोठी गाळणी. बरीच जुनी, खोलगट, आणि तिची अत्यंत लाडकी. मी म्हणालो, "ही घेतो." पूर्वी असं म्हटलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. ती म्हणाली, "घ्या ना. तुम्हाला बरं वाटतंय ना, मग घ्या." इक्बालभाईनं गाळणीची दांडी कापली, जाळीचं झाकण बसवलं, टायरवाल्याकडून चाकाला लावायचं शिसं आणून बुडाला बांधलं. पहिल्यांदा झाकण उलटं बसलं आणि डबा हातातच उघडून पेंड त्याच्या लुंगीवर सांडली. दुसऱ्यांदा जमलं.

नेमका त्याच आठवड्यात त्याला मुलीकडे सोलापूरला जावं लागलं. स्कूटर चालवायची मला मनाई होती, ब्रेक लागला की नाही हे बोटांना कळत नसे. वैजयंती म्हणाली, "मी नेते." आजवर ती एकदाही नदीवर आली नव्हती. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा आणि लाल पेन घेऊन ती आली, काठावर सावली बघून बसली आणि विभक्त्या तपासू लागली.

मी डबा भरला. त्यातली निम्मी पेंड खाली सांडली. मग सोडायला सुरुवात केली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. डबा जड होता, खाली जाताना दोरी ताठ दिसत होती, पण माझ्या बोटाला ती दोरी आहे हेच कळत नव्हतं. मी अंगठा लावून पाहिला. करंगळी लावून पाहिली. डावा हात लावून पाहिला. डबा वर काढला की रिकामा असायचा. म्हणजे तो टेकत होता, उघडत होता, सगळं चोख चाललं होतं. फक्त मला कळत नव्हतं. ऊन चढलं. ऋतूचे तसे बरेच दिवस बाकी होते, पण उत्तर मला मिळालं होतं.

"काय बघताय एवढं?" वैजयंतीनं पेपरावरून मान वर केली.

"टेकल्याचा ठोका लागतो बोटाला. मला लागत नाहीये."

ती उठून आली. "द्या इकडे. मला लागतो का बघू."

मी डबा भरून दिला. तिनं दोरी तर्जनीवर घेतली आणि सोडत गेली. खूप सावकाश, ओठ मुडपून, सुईत दोरा ओवताना करते तसा चेहरा करून. आणि एकदम तिचे डोळे मोठे झाले.

"अगंबाई! लागला. टक्क झालं! आणि मग... मग हलकंच झालं सगळं."

"हो," मी म्हणालो. "तसंच होतं."

"परत भरा."

मी भरून दिला. परत लागला. "लागला!" ती चक्क हसली. तिसऱ्यांदा तिनं डबा माझ्या हातातून घेऊन स्वतःच भरला. पेपर वाऱ्यानं उडून गवतात गेले होते, तिचं लक्ष नव्हतं. ती डोळे मिटून दोरी सोडत होती. मी आजारी आहे हे ती साफ विसरली होती.

आणि मला तिचा हेवा वाटला. थोडाथोडका नाही. त्या बोटाचा, त्या ठोक्याचा, त्या अगंबाईचा. इतक्या महिन्यांत रिपोर्टनं नाही, गणपतीनं नाही, हरवलेल्या डब्यानं नाही, पण या एका गोष्टीनं माझ्या अंगाची आग आग झाली. मी पुढे होऊन तिच्या हातातली दोरी हिसकावून घेतली. झटक्यानं डबा पाण्याच्या मध्यावरच उघडला, सगळी पेंड वर पसरली आणि चिलाप्यांची झुंबड उडाली.

"अहो!" ती ओरडली. "हिसकावता काय? तोंड नाहीये मागायला?"

"माझा डबा आहे!"

"तुमचा? गाळणी कुणाची आहे ती? इतके दिवस मी चहा फडक्यानं गाळतेय! एका शब्दानं विचारलंत, दुसरी आणू का म्हणून?"

"तूच म्हणालीस घ्या म्हणून!"

"मी म्हणेन हो! तुम्हाला कळायला नको?"

"मला काही कळत नाही!" मी ओरडलो. "बोटांना कळत नाही, मला कळत नाही. दुकान विकून टाकतोय मी. झेरॉक्सवाल्याला सांगितलंय."

मला वाटलं, आता पुन्हा तो मऊ आवाज येणार.

"विका," ती म्हणाली. "खुशाल विका. आणि मग दिवसभर काय करणार? घरी बसून माझ्या मुलांना 'देव' शब्द चालवायला शिकवणार? स्वतःला तृतीयेच्या पुढे येत नाही! मला न विचारता दुकान विकायला निघालेत. माझं मंगळसूत्र मोडून घेतलाय तो गाळा, आठवतंय का? की तेही बोटांबरोबर गेलं?"

पलीकडे बैल धुणारा माणूस धुणं थांबवून ऐकत होता. मी काहीतरी उत्तर दिलं, तिनं त्याला उत्तर दिलं. तिच्या भावाच्या लग्नातलं निघालं, माझ्या आईचं निघालं, मी उपचाराच्या काळात तिच्याशी कसा दगडासारखा वागलो तेही निघालं. ते सांगताना तिचा आवाज फाटला, आणि ती वळून गवतातले पेपर गोळा करायला लागली. मी मदत करायला गेलो. "नको," ती म्हणाली. "चुरगाळाल."

परत येताना स्कूटर तिनं प्रत्येक गतिरोधकावरून मुद्दाम वेग कमी न करता नेली. मी मागे हेल्मेटमध्ये रडत होतो. हवेला कापल्या गवताचा वास येत होता.

त्या संध्याकाळी झेरॉक्सवाल्याला जाऊन नाही म्हणून सांगितलं. बोटांनी काही कौल दिला नव्हता. अजूनही दिलेला नाही. उजवी तर्जनी थोडी सुधारली आहे, बाकीच्यांचं डॉक्टर म्हणतात तसं कदाचित. कागद मी आता कानाशी नेऊन झटकतो, आवाजावरून जाडीचा अंदाज येतो. त्या रात्री घरी आलो तर वैजयंतीनं ताट माझ्यासमोर आदळलं आणि आत निघून गेली. शर्टाची बटणं दुसऱ्या दिवशी माझी मीच लावली, त्याला किती वेळ लागला ते ती वर्तमानपत्राआडून बघत होती, पण उठली नाही. बरेच दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी खूश होतो. मरायला टेकलेल्या माणसाशी कुणी अबोला धरत नाही.